पोलादी हत्ती आणि नानासाहेब

‘स्टीमपंक’ हा शब्द थट्टेत जन्माला आला. अमेरिकेतून निघणाऱ्या ‘लोकस’ या विज्ञानकथाविषयक नियतकालिकाच्या एप्रिल १९८७ च्या अंकात के. डब्ल्यू. जेटर या कादंबरीकाराचे एक पत्र छापले गेले. टिम पॉवर्स, जेम्स ब्लेलॉक आणि स्वतः जेटर हे तिघेही त्या काळात कॅलिफोर्नियात बसून व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील लंडनविषयी अद्भुतरम्य कथा रचीत होते. अशा लेखनाला पुढे बरे दिवस येणार, तेव्हा त्याला साजेसे नाव असावे, असा पत्राचा सूर होता. ‘सायबरपंक’ या संज्ञेचा त्या सुमारास मोठा बोलबाला होता. तिच्याच चालीवर जेटरने वाफेला ‘पंक’ जोडून दिले. नाव रूढ झाले आणि त्यामागची थट्टा विस्मृतीत गेली.

या नावाखाली आज जे मोडते त्याचा पसारा मोठा आहे. कथा-कादंबऱ्या आणि चित्रकथा आहेत, चित्रपट आहेत, मेजाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ आहेत, संगणकावरचे खेळ आहेत. शिवाय पितळी चौकटीचे गॉगल, दंतचक्रे जडवलेली घड्याळे, जुन्या टंकयंत्रासारखे दिसणारे संगणकाचे कळफलक, आणि हे सारे हौसेने घडवणाऱ्यांचे व जमवणाऱ्यांचे मेळावे आहेत. या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: एकोणिसाव्या शतकातील वाफ, कोळसा, दट्ट्या आणि दंतचक्र यांचे तंत्रज्ञान विजेने व पेट्रोलने बाजूला सारले नसते, तर जग कसे दिसले असते? प्रश्न मोहक आहे. त्याची उत्तरे मात्र बहुधा यंत्राच्या रूपापाशी थांबतात. यंत्र कोणाच्या पैशाने उभे राहिले, त्याच्या बॉयलरमध्ये कोळसा कोण टाकत होते आणि ते कोणाच्या जमिनीवरून धावत होते, याची विचारपूस क्वचितच होते. मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला, आणि तो घडवताना हजारो मजूर मृत्युमुखी पडले. ज्या भाषेत गिरणीचा भोंगा नारायण सुर्व्यांच्या कवितेपर्यंत पोहोचला, त्या भाषेच्या वाचकाला वाफेचे युग निव्वळ शोभेचे वाटणे कठीण आहे.

प्रस्तुत वाङ्मयप्रकाराला हे भान कधीच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याला नाव मिळण्यापूर्वी सोळा वर्षे, १९७१ साली, मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाची ‘द वॉरलॉर्ड ऑफ द एअर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक ओसवल्ड बॅस्टेबल हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यातील अधिकारी. १९०२ साली हिमालयातील एका डोंगरी राज्यावर तो पाठवला जातो, तेथील देवळाच्या पडझडीत सापडतो आणि शुद्धीवर येतो तो १९७३ साली. महायुद्धे झालेलीच नाहीत, आकाशातून प्रचंड हवाई जहाजे संथपणे ये-जा करीत आहेत आणि ब्रिटिश साम्राज्याचा सूर्य अद्याप मावळलेला नाही. बॅस्टेबल प्रथम या शांततेवर लुब्ध होतो. पुढे ती शांतता कोणाच्या मानेवर उभी आहे हे त्याला दिसू लागते, आणि साम्राज्याचा हा निष्ठावंत सेवक बंडखोरांच्या बाजूला जाऊन मिळतो. हवाई जहाजांचे सौंदर्य मूरकॉक नाकारीत नाही. त्या सौंदर्याची किंमत तो वाचकाकडून वसूल करतो, एवढेच. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘द डिफरन्स एंजिन’ (१९९०) या बहुचर्चित कादंबरीत चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र यशस्वी झाल्याचे कल्पिले आहे. बुद्धीने ती चमकदार आहे, परंतु मूरकॉकच्या कादंबरीतला सल तिच्यात तितका खोल नाही.

मूळ पुरुषाचा मान अर्थात ज्यूल व्हर्नकडे जातो. भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यामुळे तो मराठी वाचकाच्या बालपणाचाच एक भाग झालेला आहे. स्टीमपंकच्या प्रदर्शनांत आणि मेळाव्यांत सर्वाधिक दिसणारे व्हर्नचे यंत्र म्हणजे ‘नॉटिलस’ ही पाणबुडी; आणि गंमत अशी की, १८६९–७० साली प्रसिद्ध झालेल्या मूळ फ्रेंच कादंबरीत ती वाफेवर चालतच नाही. ती विजेवर चालते. तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांतून, खोट्या नावांनी मागवून, एका निर्जन बेटावर जुळवलेले आहेत. युरोप-अमेरिकेतील कारखानदारीने आपल्या नकळत स्वतःच्याच शत्रूसाठी घडवलेले असे ते शस्त्र आहे.

हा शत्रू कोण, हे व्हर्नने प्रथम सांगितले नव्हते. कॅप्टन नेमो हा रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार असावा, असा त्याचा मूळ बेत होता. रशियातील वाचक दुरावतील या भीतीने प्रकाशक एत्झेलने त्याला विरोध केला. त्यामुळे पहिल्या कादंबरीत नेमो बेनाव राहिला. मात्र तेथेही, सिंहलद्वीपाजवळच्या समुद्रात एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कच्या तोंडून सोडवल्यावर, आपण पददलितांच्याच देशाचे आहोत असे तो बोलून जातो. आणि त्याच्या खोलीच्या भिंतीवर कोस्चुस्को, ओकॉनेल, वॉशिंग्टन, लिंकन आणि जॉन ब्राउन यांच्या तसबिरी लागलेल्या आहेत. उलगडा होतो तो ‘द मिस्टीरियस आयलंड’ (१८७४–७५) या कादंबरीत. नेमो हा बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र, टिपू सुलतानाचा भाचा, राजकुमार डक्कर आहे. युरोपात तो शिकला, १८५७ च्या उठावात लढला, त्यात त्याचे सर्वस्व गेले, आणि मोजक्या निष्ठावंत साथीदारांसह तो समुद्रात नाहीसा झाला. बुंदेल्यांचा टिपूशी जोडलेला हा नातेसंबंध इतिहासाच्या कसोटीवर टिकणारा नाही. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही, आणि ते जाणवते. तरीही एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रगत काल्पनिक यंत्राचा निर्माता आणि स्वामी म्हणून त्याने १८५७ चा एक पराभूत बंडखोर निवडला, ही वस्तुस्थिती उरतेच.

व्हर्नच्या ज्या कादंबरीत खरोखर वाफ आहे, ती मात्र आज फारशी वाचली जात नाही. ‘द स्टीम हाउस’ या नावाने इंग्रजीत गेलेली ही कादंबरी १८८० सालची. ती सुरू होते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. मार्च १८६७ मधील एका संध्याकाळी शहरात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे जाहीरपत्रक लागले आहे: शिपायांच्या बंडाचा एक म्होरक्या इलाख्यात आल्याची वार्ता असून त्याला जिवंत वा मृत धरून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम मिळेल. व्हर्नच्या लेखणीतून ‘दांदू-पंत’ झालेले हे नाव म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब पेशवे. दुधना नदीच्या काठावरील एका पडक्या बंगल्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या प्रतीवर मात्र हे नाव नाही. कागदाचा तेवढाच खालचा कोपरा एका फकिराने नुकताच फाडून नेला आहे, आणि तो फकीर म्हणजे स्वतः नानासाहेब. औरंगाबाद निजामाच्या मुलखात असल्याने तेथे मुंबईच्या गव्हर्नरचा हुकूम कसा चालावा, ही शंका व्हर्नला पडलेली नाही. पण कादंबरीचा आरंभ म्हणून हा प्रसंग अस्सल आहे.

त्यानंतर कथा कलकत्त्याला जाते आणि हत्ती अवतरतो. भूतानच्या एका राजाच्या हौसेखातर बँक्स या इंग्रज इंजिनियरने पोलादाचा अवाढव्य हत्ती बनवला होता. राजा मध्येच वारल्याने तो बँक्सच्या मित्रमंडळींच्या ताब्यात आला आहे. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर आणि मागे चाकांवरचे दोन सुसज्ज बंगले, असा त्याचा थाट. आत ग्रंथसंग्रह आहे, फ्रेंच आचारी आहे. कर्नल मन्रो, कॅप्टन हॉड आणि कथा सांगणारा फ्रेंच प्रवासी मोक्लेर हे सारे या फिरत्या घरातून हिमालयाच्या पायथ्याकडे निघतात. वाटेत गुरुसिंग नावाचा एक संस्थानिक आपले तीन जिवंत हत्ती या यंत्राविरुद्ध ओढायला लावतो आणि हरतो. हॉडला पन्नास वाघ मारण्याचा आकडा पुरा करायचा आहे. युरोपातील प्राणिसंग्रहांसाठी श्वापदे पकडणारा एक डच व्यापारीही त्यांना भेटतो. मोजणे, पकडणे आणि पिंजऱ्यात घालणे हा या सफरीचा नित्यक्रम आहे, आणि व्हर्न तो अत्यंत प्रसन्न शैलीत रंगवतो. कादंबरीचा हा मधला भाग, खरे सांगायचे तर, कंटाळवाणा आहे.

परंतु या प्रसन्न सफरीच्या खालून दुसरी कथा वाहते आहे. कानपूरच्या हत्याकांडात मन्रोची पत्नी मारली गेली असे तो समजून आहे, आणि नानासाहेबाचा सूड हे त्याच्या जगण्याचे एकमेव प्रयोजन आहे. नानासाहेबालाही मन्रोवर सूड उगवायचा आहे, कारण कादंबरीतील मन्रोने झाशीच्या राणीला स्वहस्ते मारलेले आहे. उठावाविषयीच्या प्रकरणात व्हर्न दोन्ही बाजूंच्या क्रौर्याचा हिशेब मांडतो, इंग्रजांनी बंदिवानांना तोफेच्या तोंडी दिल्याचे लपवीत नाही. आणि अखेरीस मन्रोलाच तोफेच्या तोंडाशी बांधल्याचे दाखवून तो हिशेब वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करतो. मन्रो सुटतो. हत्तीचे बॉयलर फुटते, आणि ज्या स्फोटात यंत्राच्या ठिकऱ्या होतात त्याच स्फोटात व्हर्न नानासाहेबाचाही शेवट करतो. व्हर्नची सहानुभूती येथे नेमोच्या वेळेइतकी मोकळी नाही. नेमो त्याचा नायक होता. नानासाहेब हा त्याच्या लेखी खलपुरुषच आहे. तरीही यंत्र आणि बंडखोर यांना एकमेकांपासून सोडवून घेणे त्याला जमलेले नाही. ही कादंबरी छापली गेली तेव्हा विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ प्रकाशात यायचा होता. तो आला १९०७ साली. पोलादी हत्तीवर बसून पाहिलेला सत्तावनचा मुलूख आणि पायी हिंडणाऱ्या, लुटल्या गेलेल्या भिक्षुकाने पाहिलेला तोच मुलूख, ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पडद्यावर पोहोचताना व्हर्नचे काय झाले, हे नेमोच्या चेहऱ्यावरून कळते. १९१६ च्या मूकपटात तो हिंदी राजपुत्र होता. १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात जेम्स मेसनने ती भूमिका केली, आणि हिंदुस्थान नाहीसा झाला. याच चित्रपटासाठी हार्पर गॉफने ‘नॉटिलस’ला रिव्हेटांनी जडवलेले, मगरीच्या पाठीसारखे खरखरीत लोखंडी रूप दिले. कादंबरीतील गुळगुळीत, चिरुटाच्या आकाराच्या नौकेशी त्याचे फारसे साम्य नाही. परंतु पुढील दोन पिढ्यांतील स्टीमपंकच्या कारागिरांनी गॉफचीच नौका प्रमाण मानली. एकाच कलाकृतीने यंत्राला त्याचे चिरस्थायी रूप द्यावे आणि त्याच्या धन्याची ओळख पुसून टाकावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

डक्कर परत आला तो चित्रकथेतून. अ‍ॅलन मूर आणि केव्हिन ओनील यांच्या १९९९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये नेमो पगडीधारी, दाढीवाला, इंग्रजांचा तिरस्कार न लपवणारा असा आहे. २००३ साली याच मालिकेवरून निघालेल्या चित्रपटात नसिरुद्दीन शाह यांनी नेमो साकारला. हिंदी नेमो हिंदी नटाने केला, याचे समाधान वाटावे हे स्वाभाविक होते. पण तो नेमो कालीची पूजा करणारा, तलवारबाजीत निपुण असा परिचित ‘पौर्वात्य’ आहे, त्याची नौका नक्षीकामाने लडबडलेली आहे, आणि सत्तावनचा हा बंडखोर ब्रिटिशांच्या बोलावण्यावरून युरोप वाचवायला निघालेला आहे. मूरच्या चित्रकथेत या विसंगतीची बोच आहे. चित्रपटाला ती जाणवतही नाही. २०२४ साली आलेल्या ‘नॉटिलस’ या दूरचित्रमालिकेत शझाद लतीफ याने नेमो केला आणि त्याला ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध उभे केले. चेहरा आणि शत्रू यांचा मेळ अशा रीतीने पुन्हा जुळला.

अभिमानाच्या पोटी केलेली उलट दिशेची निर्मितीही पाहिली पाहिजे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, या दंतकथेवर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट २०१५ साली आला. त्या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. ‘असे झाले असते तर’ हा स्टीमपंकचा प्रामाणिक प्रश्न आहे. ‘असेच झाले होते’ असे म्हणताच त्याचे कल्पिताशी असलेले नाते तुटते आणि कलाकृतीचेही नुकसान होते.

खेळांच्या क्षेत्रात मालकीचा प्रश्न अधिक उघडपणे येतो, कारण खेळणाऱ्याला काहीतरी जिंकायचे, मिळवायचे, साठवायचे असते. फ्रँक चॅडविकने रचलेला ‘स्पेस: १८८९’ (१९८८) हा भूमिकाखेळ या प्रकारातला अग्रेसर. त्यात युरोपीय सत्ता मंगळ आणि शुक्र या ग्रहांवर वसाहती करतात. आफ्रिकेच्या वाटणीचा नकाशा आकाशात चिकटवावा तसे हे आहे, आणि खेळणारा बहुधा नकाशा काढणाऱ्यांच्या बाजूने खेळतो. २०१८ सालच्या ‘फ्रॉस्टपंक’ या पोलिश खेळात वेगळे वळण दिसते. हिमयुगात सापडलेल्या जगातले शेवटचे शहर कोळशाच्या एका प्रचंड भट्टीभोवती तग धरून आहे आणि शहराच्या प्रमुखाला कायदे करायचे आहेत: मुलांना कामावर लावायचे काय, पाळी चोवीस तासांची करायची काय. पितळेची झळाळी येथे नावापुरती आहे. कोळसा खणणारा माणूस प्रथमच चित्राच्या मध्यभागी आला आहे.

या दृष्टीने सर्वांत विचारार्ह कृती म्हणजे ‘एटी डेज’. इंकल या इंग्लंडमधील संस्थेने २०१४ साली काढलेल्या या खेळाची संहिता प्रामुख्याने मेग जयंत यांनी लिहिली. आधार अर्थात व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’चा. मूळ कादंबरीत फिलिअस फॉग मुंबईला उतरतो, लोहमार्ग अपुरा असल्याचे कळताच दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो आणि एका तरुणीला सती जाण्यापासून वाचवून पुढे निघतो. हिंदुस्थान हा त्याच्या वेळापत्रकातला एक अडथळा आहे. खेळात कथन फॉगचा नोकर पासपार्तू करतो आणि सारे निर्णय त्याच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती असतात. चालती-फिरती यंत्रे, हवाई जहाजे, कळसूत्री माणसे यांची येथे रेलचेल आहे. पण ती केवळ लंडन-पॅरिसची मिरास नाहीत. आफ्रिका-आशियातील लोकांची स्वतःची यंत्रविद्या आहे, कारागीर आहेत, त्यांत स्त्रिया आहेत, त्यांचे आपसांतले वाद आहेत, आणि घाईत असलेल्या दोन युरोपीय प्रवाशांकडे पाहायला त्यांना सवड नाही. साहेबाच्या घड्याळाशी बांधलेल्या नोकराच्या नजरेतून हे दिसत असल्याने विनोद आणि विषाद यांचे चांगले मिश्रण साधले आहे. एक मर्यादा मात्र राहतेच. प्रवासखर्च भागवण्यासाठी एका शहरात स्वस्त घेतलेली चीजवस्तू दुसऱ्या शहरात महाग विकावी लागते. पासपार्तूची पेटी हे एक लहानसे व्यापारी जहाजच आहे. लेखिकेने शब्दांतून जे नाकारले ते खेळाच्या नियमांतून काही अंशी परत आले आहे.

संग्राहकांच्या बाबतीत सरसकट निवाडा करणे अन्यायाचे होईल. ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहास संग्रहालयात २००९–१० मध्ये भरलेल्या स्टीमपंक प्रदर्शनातील वस्तूंमागे धातूकामाची खरी जाण होती. हाताने घडवलेल्या, उघडून पाहता येणाऱ्या, दुरुस्त करता येणाऱ्या यंत्राची ओढ ही बंद डबीतल्या उपकरणांच्या युगात निर्माण झालेली सच्ची भूक आहे. काहीही न फिरवणारी दंतचक्रे कुठेही चिकटवून ती वस्तू विकणाऱ्यांची चेष्टा या मंडळींतच सर्वाधिक होते. प्रश्न कारागिरीचा नाही. संग्रह ही मुळात कथा वगळण्याची रीत आहे. व्हर्नला हे ठाऊक असावे. नेमोच्या नौकेतही बारा हजार ग्रंथ, थोरांची चित्रे, शिंपले आणि मोती आहेत, आणि आपल्या हरवलेल्या देशाची एकही वस्तू त्याने तेथे ठळकपणे मांडलेली नाही.

नेमोच्या त्या काल्पनिक मामाचे एक यंत्र मात्र लंडनमध्ये आहे. टिपूचा वाघ: गोऱ्या सोजिराच्या नरड्यावर बसलेला, लाकडी, पोटात वाद्ययंत्र असलेला. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत गेला, १८०८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील वास्तूत लोकांच्या करमणुकीसाठी ठेवला गेला आणि १८८० पासून, म्हणजे ‘द स्टीम हाउस’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षापासून, आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात आहे. वाफेच्या कल्पनारम्यतेचा आद्य संग्राह्य नमुना कोणता, असे कोणी विचारल्यास याच वाघाकडे बोट दाखवावे लागेल.

आणि व्हर्नचा हत्ती आहे नांतमध्ये, त्याच्या जन्मगावी. २००७ पासून तेथे बारा मीटर उंचीचा एक यांत्रिक हत्ती पन्नासेक प्रवाशांना पोटात व पाठीवर घेऊन संथपणे चालतो, सोंडेतून पाण्याचे फवारे उडवतो. फ्रांस्वा देलारोझियेर आणि पियेर ओरेफिस यांच्या कल्पनेतून साकारलेले हे यंत्र पाहताना मोठी माणसेही हरखून जातात, आणि त्यात वावगे काही नाही. ते ज्या आवारात फिरते तेथे पूर्वी जहाजे बांधली जात. तेथील शेवटची गोदी १९८७ साली बंद पडली, जेटरचे पत्र छापले गेले त्याच वर्षी. नदीच्या पलीकडच्या धक्क्यावर २०१२ साली गुलामगिरीच्या उच्चाटनाचे स्मारक उभे राहिले. नांतहून गुलामांच्या व्यापारासाठी निघालेल्या जहाजांची नावे तेथे पायवाटेत बसवलेल्या काचफलकांवर आहेत, आणि ती वाचायची तर चालणाऱ्याला मान खाली घालावी लागते.